हिरवा दिवा लागतो, पण आवाज कुठाय?

माझा मेहुणा जुना हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाला. त्याची कॉल साइन ‘व्हीयू २’ने सुरू होते, म्हणजे मोर्सची कटकट सोसून मिळवलेली. माझी मुलगी ‘व्हीयू ३’वाली. तिने रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा दिली, आणि तिला मोर्स लागत नाही. दोघांच्या हातात हँडी असतो, म्हणजे हातात धरून बोलायचा वायरलेस सेट. मामाचा साधा एफएम, भाचीचा डीएमआर, म्हणजे डिजिटल. लांबून पाहिलं तर दोन्ही सेट सारखेच, तोच काळा ठोकळा आणि वर तीच रबरी शेपटी. पण हे दोघे एका खोलीत आले की चहा गार होतो. माझ्याकडे परवाना नाही, म्हणून मला पंच नेमलंय. पंचाचं कुणी ऐकत नाही, तो भाग वेगळा.

मामा : मला सांग, या तुझ्या सेटवर मी तुला हाक मारायची तर आधी काय काय जुळायला हवं?

भाची : फ्रिक्वेन्सी, कलर कोड, टाइमस्लॉट, टॉकग्रुप. झालं.

मामा : झालं म्हणे! माझ्याकडे फ्रिक्वेन्सी जुळली की बोलणं सुरू.

भाची : आणि टोन? परवा आवाज पुढे फेकणाऱ्या रिपीटरचं दार उघडणारा ८८.५ हर्ट्‌झचा टोन लावायला विसरलास आणि सकाळभर ‘रिपीटर मेलाय’ म्हणून सगळ्यांना फोन करत बसलास.

मामा : टोन चुकला तर मला कळतं तरी की दार उघडत नाहीये. तुझ्या सेटचं तसं नाही. दिवा हिरवा लागतो, स्क्रीनवर काड्या उभ्या राहतात, आणि आवाज शून्य. म्हणजे माणूस बोलतोय, लहर माझ्यापर्यंत पोचलीये, माझ्या सेटला ती कळलीये, आणि तरी तो मला ऐकवत नाही. का? तर म्हणे कलर कोड एकच्या जागी दोन पडला!

ही तक्रार खरी आहे, मी स्वतः पाहिलंय. डीएमआर सेट विकत घेतला आणि लगेच बोलायला लागलो असं होत नाही. आधी त्यात ‘कोडप्लग’ भरावा लागतो, म्हणजे लॅपटॉपवर तयार केलेली सेटिंगची अख्खी फाइल. झोन, झोनमध्ये चॅनल, चॅनलला टॉकग्रुप, टॉकग्रुपला ऐकण्याची यादी. मुलगी एका रविवारी ते भरत बसली होती, रकान्यांमागून रकाने. तिच्या आईला वाटलं, इन्कम टॅक्सचं रिटर्न भरतेय. एखाद्या ओळीत एक आकडा चुकला की सेट हिरवा दिवा लावून गप्प बसतो.

भाची : कारण हे सेट मुळात आपल्यासाठी बनलेच नव्हते, मामा. युरोपातल्या ईटीएसआय या मानकसंस्थेने २००५ मध्ये डीएमआरचं मानक काढलं ते कारखाने, हॉटेलं, सिक्युरिटीवाले यांच्यासाठी. तिथे वॉचमनने वॉचमनशी बोलायचं, हाउसकीपिंगच्या कानावर ते पडायचं नाही. म्हणून हे सगळे कप्पे. हॅम लोक नंतर घुसले. म्हणून तर कॉल साइन असूनही वर सात आकडी आयडी घ्यावा लागतो. माझा ४०४ने सुरू होतो. मोबाइलच्या जगात भारताच्या आकड्यांपैकी तो एक आहे.

मामा : कॉल साइनचा माणूस नंबरावर आला!

भाची : कॉल साइन तुझी तुला ओरडून सांगावी लागते. माझी, समोरच्याच्या सेटमध्ये आयडींची यादी भरलेली असली की, त्याच्या स्क्रीनवर आपोआप उमटते. आणि तुला नंबर खटकत असेल तर जपानकडे बघ. डी-स्टार ही पद्धत तिथल्या हौशी रेडिओ संघटनेनेच, जेएआरएलने, हॅमसाठी तयार केली. तिच्यात आवाजाबरोबर कॉल साइनच जाते.

मामा : आणि डी-स्टारवाल्याला तुझं ऐकू येतं?

भाची : ...नाही.

मामा : यासूचा फ्यूजनवाला?

भाची : नाही. पण त्या सेटवर एफएम असतोच, आणि समोरचा कशावर बोलतोय ते ओळखून तो आपणहून बदलतो.

मामा : म्हणजे तीन डिजिटलवाले एकत्र आले की शेवटी एफएमवर येऊन बोलतात. माझं काम त्यांनीच केलं.

इथे पंचाने मामाला एक गुण दिला. आयकॉमच्या सेटांतला डी-स्टार, यासूचं २०१३चं सिस्टिम फ्यूजन आणि व्यापारी जगातून आलेला डीएमआर या तिघांचं एकमेकांशी जमत नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा एफएम सेट मात्र काल आलेल्या सेटशी आजही बोलतो. हौशी माणसांच्या छंदात ही गोष्ट लहान नाही.

भाचीने मात्र त्याच दुपारी हिशेब चुकता केला. तिने आपला जुना डीएमआर सेट मामाच्या हातात दिला, त्याला आमच्या कोथरूडच्या गच्चीवर उभं केलं आणि स्वतः वेताळ टेकडी चढायला निघाली. दोन्ही सेट एफएमवरही चालतात, त्यामुळे सेट, अँटेना, पाच वॉटची ताकद आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातली जागा सगळं तेच; बदलायचा फक्त मोड. मध्ये रिपीटर नाही, सेट ते सेट थेट, म्हणजे सिम्प्लेक्स.

टेकडीच्या माथ्यावर असेपर्यंत दोन्हींत काही फरक नव्हता. ती पलीकडे पंचवटीच्या बाजूला उतरायला लागली तसा एफएममध्ये खरखर शिरली. आधी तळाशी, मग शब्दांच्या बरोबरीने. तिने मोड बदलला आणि डीएमआरवर तोच आवाज एकदम स्वच्छ आला, जणू शेजारच्या खोलीतून. मामाने भुवया वर केल्या, बोलला काही नाही. आणखी शंभरेक पावलं खाली गेल्यावर डीएमआरवर तिचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा झाला, दोन अक्षरं रोबोटासारखी वाजली आणि मग काहीच नाही. तिथूनच तिने परत एफएम लावला. सगळा खळखळाट, पण मामाने डोळे मिटून सेट कानाला लावला आणि म्हणाला, “ती विचारतेय, वर येऊ का पुढे जाऊ.” मला त्यातलं अक्षर कळलं नव्हतं.

मामा : बघितलंस? माझा एफएम मरता मरता चार शब्द देऊन गेला.

भाची : तुला देऊन गेला. बाबांना नाही. बाबांना डीएमआर जिथपर्यंत चालला तिथपर्यंत प्रत्येक शब्द कळला. तीस वर्षं खरखर ऐकून तुझा कान तयार झालाय, तो सगळ्यांना कुठून आणायचा?

मामा : कान तयार करणं हाच तर छंद आहे.

भाची : हा तुझा छंद. माझा संदेश पोचवण्याचा आहे.

डिजिटल असं का वागतं, ते समजून घेण्यासारखं आहे. एफएममध्ये सिग्नल क्षीण झाला की गोंगाट हळूहळू वाढतो, आणि माणसाचा मेंदू त्यातून ओळखीचे शब्द वेचतो. डीएमआरमध्ये आवाजाचे वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यातून आवाजाची पट्टी, जोर, घडण एवढंच मोजून आकड्यांत टिपलं जातं आणि बाकी सोडून दिलं जातं. वर चूक दुरुस्त करणारे जादा बिट लागतात. हे सगळं मिळून सेकंदाला जेमतेम ३,६०० बिट. वाटेत थोडे बिट बिघडले तर दुरुस्ती होते आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. बिघाड एका मर्यादेपलीकडे गेला की दुरुस्ती कोलमडते, आणि मग थोडं कळलं थोडं नाही असा प्रकार उरत नाही.

३,६०० बिटांच्या या चिमुकल्या आकड्यामुळेच डीएमआरची दुसरी करामत जमते. साठ मिलिसेकंदांचं बोलणं तीस मिलिसेकंदांच्या कप्प्यात मावतं. उरलेले तीस मिलिसेकंद दुसऱ्या जोडीला देता येतात. म्हणजे १२.५ किलोहर्ट्‌झच्या एकाच चॅनलवर, एकाच रिपीटरमधून, एका वेळी दोन संभाषणं.

भाची : आणि माझा सेट बोलताना निम्मा वेळच प्रक्षेपण करतो. बॅटरी जास्त टिकते, हा त्याचाच फायदा.

मामा : आणि निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद, सेकंदाला सोळा-सतरा वेळा! तू बोलायला लागलीस की माझा टेपरेकॉर्डर टर्रर्र करतो तो त्याचाच तोटा.

भाची : टेपरेकॉर्डर?

हा प्रश्न मामाच्या फार जिव्हारी लागला.

मामा : बरं, आता मुद्द्याचं बोलू. तो जो आवाज मोजून आकड्यांत टिपणारा भाग, तो कोडेक आहे ना, एएमबीई का काय, तो कुणाचा?

भाची : डीव्हीएसआय. अमेरिकन कंपनी.

मामा : आत काय चालतं ते मला बघता येतं?

भाची : सरळ मार्गाने नाही. चिप विकत घ्यायची किंवा परवाना घ्यायचा.

मामा : मग हे हौशी कसलं? हैदराबादच्या अशर फर्हानने बिटेक्स या घरी बनवायच्या सेटचं सर्किट काढून जगाला वाटलं, तेव्हा कॉइलला टोरॉइड मिळत नाहीत म्हणून नळाच्या वॉशरवर तार गुंडाळायची युक्तीही सांगितली. नळाच्या वॉशरवर! मी स्वतः हार्डवेअरच्या दुकानात जाऊन वॉशर आणलेत. दुकानदार विचारतो, कुठला नळ गळतोय? त्या सेटचा प्रत्येक भाग मला माहीत आहे. बिघडला तर का बिघडला ते कळतं. तुझ्या सेटच्या पोटात कुलूपबंद पेटी आहे आणि किल्ली अमेरिकेत.

भाची : बिटेक्स हा लांब पल्ल्याच्या एचएफ लहरींचा सेट, टेबलावरचा. आपण हँडीबद्दल बोलतोय. तुझ्या कंबरेचा तो चिनी हँडी तू बनवलास?

मामा : नाही, पण...

भाची : त्याच्या आत काय आहे माहितीये? आरडीए १८४६ नावाची एक चिप. अँटेनाकडून आलेला सिग्नल ती आकड्यांत बदलते आणि एफएम उलगडायचं गणित आकड्यांतच करते. तुझा ॲनालॉग हँडी आतून डिजिटलच आहे, मामा. फक्त बाहेर बोलताना एफएम बोलतो.

आमच्या घरात मामा गप्प बसण्याचे प्रसंग दुर्मीळ. त्याने सेट हातात घेऊन उलटसुलट पाहिला, जणू त्याने काहीतरी लपवलंय.

माझं मत असं की या वादाला ॲनालॉग विरुद्ध डिजिटल हे नाव चुकीचं पडलंय. मामाला खुपतं ते डिजिटल असणं नव्हे, बंद असणं. आणि हँडीच्या बाबतीत तो बंदपणा एफएममध्येही केव्हाच शिरलाय; त्या नखाएवढ्या चिपला कोण डाग देणार आणि कशाला? नळाच्या वॉशरचा अभिमान रास्त आहे, पण तो टेबलावर ठेवून कंबरेला दुसराच सेट लावायचा आणि श्रेय मात्र दोन्हींचं घ्यायचं, हे मला पटत नाही.

भाची : आणि कुलूप तोडणारेही हॅमच आहेत. टीवायटीचा एमडी-३८० हा डीएमआर सेट आला तेव्हा लोकांनी त्याचं फर्मवेअर उसवून नवं केलं. ओपन-जीडी-७७, ओपन-आरटीएक्स ही तर नव्याने लिहिलेली फर्मवेअरं, फुकट आणि उघडी. ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड रो या हॅमने कोडेक-२ लिहिला, एएमबीईचंच काम करणारा, पण ज्याची ओळन् ओळ कुणीही वाचावी असा. पोलंडमधून सुरू झालेल्या एम-१७ या पद्धतीत तोच वापरलाय. माझ्या जुन्या सेटमध्ये मी एम-१७ घालतेय. बोर्डावर थोडा बदल करून डाग द्यावा लागतो. भिंग आहे तुझ्याकडे?

मामा : भिंग आहे. बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्नही आहे. त्या एम-१७वर बोलणारे तुझ्या ओळखीत किती?

भाची : इथे? अजून कुणीच नाही.

मामा : उत्तम. स्वतंत्र आणि एकटी.

गुण मोजणं मी इथेच सोडून दिलं.

राहिला इंटरनेटचा प्रश्न, आणि तिथे आवाज चढले. भाचीच्या मित्रांपैकी एकाकडे हॉटस्पॉट आहे. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी पेटी, आत रास्पबेरी पाय नावाचा चिमुकला संगणक, वर दहाएक मिलिवॉटचा रेडिओ. हातातला सेट त्या पेटीशी बोलतो, पेटी वायफायवरून जगाशी. खिशातल्या हँडीवरून टोकियो गाठता येतं. आपल्याकडे परवान्याच्या अटींत यातलं काय बसतं, ते परवाने देणाऱ्या डब्ल्यूपीसीकडून लेखी घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. ते वेगळं सांगायला हवं, कारण विकणारा सांगत नाही. परवान्याशिवाय हॅमचा सेट नुसता घरात ठेवणंदेखील आपल्याकडे गुन्हा आहे, हेही तो सांगत नाही.

मामा : टोकियो गाठलं म्हणजे काय केलं? तुझी लहर या टेबलावरून त्या टेबलापर्यंत गेली. पुढचं सगळं केबलने. त्यापेक्षा व्हॉट्सॲप कॉल कर, व्हिडिओही दिसेल.

भाची : आणि जिथे केबलच नाही तिथे?

मामा : मी तेच म्हणतोय! डिसेंबर २००४ आठव. भारती प्रसाद अंदमानला हॅम मोहिमेवर गेल्या होत्या. सुनामी आली, पोर्ट ब्लेअरचा संपर्क तुटला, आणि त्यांच्या सेटवरून मुख्य भूमीला निरोप जायला लागले. मध्ये ना केबल, ना सर्व्हर.

भाची : बरोबर, आणि ते सगळं एचएफवर. पोर्ट ब्लेअरहून चेन्नई साडेतेराशे किलोमीटर, हँडीने ते झालं असतं? हँडीच्या भांडणात दर वेळी एचएफचे पराक्रम आणतोस तू. आणि डीएमआरला इंटरनेट लागतं हे कुणी सांगितलं? टेकडीवरून तुझ्याशी बोलले तेव्हा मध्ये काय होतं? टेकडी.

हा घोटाळा मामाच एकटा करतो असं नाही. ‘डिजिटल’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात इंटरनेट येतंच. डीएमआरचे दोन सेट एकमेकांशी थेट बोलतात. डोंगरावर डीएमआर रिपीटर असेल तर त्यालाही आपल्या पंचक्रोशीसाठी केबल लागत नाही. मात्र हेही खरं की इंटरनेट काढून घेतलं तर निम्मे डीएमआरवाले सेट कपाटात ठेवतील. जगभरच्या गप्पांसाठीच त्यांनी तो घेतलेला असतो.

मामा : बरं, मग समज की पोलिसांनी आपल्याला दिवे घाटात बोलावलंय. ज्ञानोबांची पालखी चढतेय, गर्दीत मोबाइलचं नेटवर्क बसलंय. हडपसरच्या बाजूला दोन, वळणांवर चार, माथ्यावर दोन, सासवडला दोन. दहाही जणांकडे परवाना आहे, सेट मात्र ज्याचा त्याचा. तू काय लावशील?

भाची : डीएमआर. प्रत्येकाची जागा जीपीएसवरून कळेल. रुग्णवाहिका मागवायची तर छोटा लेखी निरोप जाईल, म्हणजे दिंडीचा नंबर ऐकण्यात चूक नको. ढोल, टाळ, मृदंगाच्या...

मामा : थांब. टाळ-मृदंग! तुझा तो कोडेक माणसाचा आवाज मोजायला बनलाय ना? शेजारी शंभर टाळ वाजत असताना तो काय मोजेल?

भाची थांबली. हा प्रश्न खरंच अवघड आहे. माणसाच्या बोलण्याचा आराखडा गृहीत धरून चालणाऱ्या कोडेकला शिट्टी, सायरन, वारा, टाळ या गोष्टी कुठे बसवाव्यात ते कळत नाही. तो त्यांना बोलणं समजून मोडतोड करून पाठवतो, आणि त्यात खरं बोलणंही जातं. अग्निशमन दलांचा अनुभव परदेशात असाच आहे. श्वसनाचा मुखवटा आणि यंत्रांचा आवाज यांपुढे सुरुवातीचे डिजिटल सेट अडखळले.

भाची : माइक तोंडाशी धरायचा, हाताने झाकायचा. नव्या सेटमध्ये आवाज गाळायची सोय असते. आणि बोलायचं बटण, पीटीटी, दाबल्यावर क्षणभर थांबून मग बोलायचं. तू दाबतोस आणि त्याच क्षणी सुरू होतोस, म्हणून तुझ्या कॉल साइनचं पहिलं अक्षर रोज गायब असतं.

मामा : तीस वर्षांच्या सवयीला क्षणभर थांबायला सांगतेस?

भाची : हो. आणि ऐक, दहाजणांत तीन सेट डीएमआर, एखादा फ्यूजनचा, बाकी एफएम असणार. म्हणजे बोलायला एफएमच लावावा लागेल, ते मला कळतंय. ठरलेली एक फ्रिक्वेन्सी, पाठीला दुसरी, टोन नाही. पण माथा आणि सासवड यांच्यामध्ये डीएमआर ठेवू. तिथे दोन्ही टोकांना माझेच सेट असतील, आणि लेखी निरोप तेवढ्याच वाटेने जातील.

मामा : कोडप्लग?

भाची : मी भरीन. दोन्ही सेटचा एकच.

मामा : आदल्या रात्री नाही. आठ दिवस आधी, आणि घाटात नेऊन तपासायचा. हिरवा दिवा नाही, आवाज तपासायचा.

भाची : चालेल. आणि तू तुझ्या सेटला तो पेन्सिल सेलचा डबा घेऊन ठेव. चार्जर घेऊन घाटात सॉकेट शोधत फिरशील नाहीतर.

मामा : तो डबा माझ्याकडे आहेच. तुझ्या सेटसाठी मिळतो का बघ.

भाचीने फोन काढला आणि शोधायला लागली. बराच वेळ शोधत होती.